नियम आणि भाष्य : असिसीच्या फ्रान्सिसांचे चरित्र

सूत्र लहान असते आणि भाष्य मोठे असते, हे या त्रैमासिकाच्या वाचकांना सांगावयास नको. सूत्राचा अर्थ कळावा म्हणून भाष्य जन्मास येते. परंतु सूत्रात सांगितलेला आचार जड वाटू लागला म्हणजेही भाष्य जन्मास येते, आणि वरवर पाहता ही दोन भाष्ये वेगळी ओळखू येत नाहीत. दोहोंची भाषा एकच, पंडित तेच आणि सूत्रकाराविषयीचा आदरही तोच. यांपैकी दुसऱ्या प्रकारच्या भाष्याने एका संन्यासी संघाचे काय केले, हे ज्यांच्या चरित्रात अगदी उघड दिसते असे एक सत्पुरुष तेराव्या शतकाच्या आरंभी इटली देशात होऊन गेले. त्यांचे नाव फ्रान्सिस. ते ख्रिस्ती होते. त्यांचे दैवत, त्यांची उपासना, त्यांचा मोक्षविचार आपल्याहून भिन्न. त्याची चर्चा येथे कर्तव्य नाही. परंतु भिक्षान्न, अपरिग्रह, अनिकेत वास आणि एका वस्त्रावरचा संतोष या गोष्टी साधनवंतांना परक्या नाहीत. म्हणून साधनवंतांनी आणि वासनिकांनीही हे चरित्र वाचावे, या हेतूने ते येथे देत आहे.

इटलीच्या मध्यभागी उम्ब्रिया नावाच्या डोंगराळ प्रांतात असिसी हे गाव आहे. तेथे सन ११८१ किंवा ११८२ मध्ये फ्रान्सिस यांचा जन्म झाला. वडील पिएत्रो दी बेर्नार्दोने हे कापडाचे श्रीमंत व्यापारी. मुलाचे पाळण्यातले नाव जोव्हान्नी. वडिलांनी पुढे ते फ्रान्सिस केले. घरात पैसा होता, हात सढळ होता, मित्रमंडळी भोवती होती. रात्री गावातून गाणी म्हणत हिंडणाऱ्या तरुणांचे ते पुढारी असत. सरदारकीचे बिरुद मिळवावे ही त्यांची त्या वेळची आकांक्षा. सन १२०२ मध्ये शेजारच्या पेरुजा नगराशी असिसीचे युद्ध झाले. त्यात ते पकडले गेले आणि सुमारे वर्षभर बंदिवासात राहिले. सुटून आल्यावर दीर्घ आजार झाला. तरीही हौस पुरती फिटली नव्हती. सन १२०५ च्या सुमारास पुन्हा घोडा, शस्त्रे घेऊन दक्षिणेकडील युद्धासाठी ते निघाले, आणि स्पोलेतो गावापर्यंत जाऊन परत फिरले. का फिरले याच्या कथा चरित्रकारांनी दिल्या आहेत. त्यांत स्वप्ने आहेत, आकाशवाणी आहे. परंतु स्वतः फ्रान्सिस यांनी आयुष्याच्या अखेरीस जे निवेदन लिहवून ठेवले, त्यात आपल्या पालटाचा आरंभ त्यांनी स्वप्नापासून धरलेला नाही. तो त्यांनी महारोग्यांपासून धरला आहे. महारोगी पाहिला की त्यांना किळस येई, दुरूनच ते नाक धरीत. एकदा वाटेत असा एक जण समोर आला तेव्हा ते घोड्यावरून उतरले, त्याच्या हातावर नाणे ठेवले आणि त्या हाताचे चुंबन घेतले. पुढे ते महारोग्यांच्या वसतीत जाऊन त्यांची सेवा करू लागले. जे कडू वाटत होते ते गोड झाले, एवढेच ते सांगतात.

गावाबाहेर सान दामियानो नावाचे एक पडके देवालय होते. तेथे प्रार्थना करीत असता, माझे घर मोडकळीस आले आहे ते नीट कर, अशी आज्ञा झाल्याचे त्यांना वाटले. त्यांनी आज्ञेचा अर्थ अगदी शब्दशः घेतला. वडिलांच्या दुकानातील कापड व घोडा फोलिन्यो गावी नेऊन विकला आणि ते पैसे दुरुस्तीसाठी पुजाऱ्यापुढे ठेवले. पुजारी घाबरला, त्याने ते घेतले नाहीत. वडिलांचा संताप अनावर झाला. प्रकरण बिशपपुढे गेले. सन १२०६ मध्ये गावकऱ्यांच्या देखत फ्रान्सिस यांनी उरलेले पैसे परत दिले, आणि अंगावरची वस्त्रेही वडिलांचीच म्हणून तीसुद्धा उतरून त्यांच्या पुढ्यात ठेवली. बिशपांनी आपला झगा त्यांच्यावर पांघरला. येथे फ्रान्सिस यांचा स्वभाव वाचकांनी ध्यानात घ्यावा. शब्दाचा जो अर्थ समोर दिसतो तोच घ्यावयाचा, त्यात आडवाट शोधावयाची नाही, ही त्यांची रीत होती. पुढील सर्व चरित्र या रीतीभोवती फिरते.

दोनतीन वर्षे त्यांनी दगड मागून आणून पडकी देवालये बांधली. सन १२०८ च्या सुमारास पोर्झिउंकुला नावाच्या एका चिमुकल्या देवळात त्यांनी शुभवर्तमानाचे वाचन ऐकले. शिष्यांना पाठविताना येशूंनी सांगितले होते की सोने, रुपे, झोळी, दुसरा अंगरखा, वहाणा, काठी यांपैकी काही बरोबर घेऊ नये. ते ऐकताच फ्रान्सिस यांनी हातातील काठी टाकली, पायांतील वहाणा काढल्या आणि चामडी कमरपट्टा सोडून दोरी बांधली. त्या वचनावर तोपर्यंत बारा शतकांची भाष्ये झालेली होती. मोठमोठे मठ, त्यांची शेते, त्यांची धान्यकोठारे या भाष्यांच्या आधारावरच उभी होती. फ्रान्सिस यांना त्यांतले फारसे ठाऊक नव्हते. ते विद्वान नव्हतेच.

असिसीचे धनाढ्य गृहस्थ बेर्नार्दो यांनी आपले सर्वस्व वाटून टाकले आणि ते त्यांना मिळाले. पिएत्रो कात्तानी आले, शेतकऱ्याच्या साधेपणाचे एजिदियो आले. बारा जण झाल्यावर, सन १२०९ मध्ये, हे सर्व चालत रोमला गेले आणि पोप इनोसंट तिसरे यांच्यापुढे त्यांनी आपला नियम ठेवला. तो नियम आज उपलब्ध नाही. त्यात शुभवर्तमानातील काही वचने आणि थोडेसे आणखी, एवढेच होते असे म्हणतात. दरबारातील धर्माधिकाऱ्यांना तो पाळण्यास अशक्य वाटला. तेव्हा एका कार्डिनलांनी मोठा मार्मिक मुद्दा काढला. हा नियम अशक्य म्हणून नाकारावा तर शुभवर्तमानच अशक्य आहे असे आपण म्हटल्यासारखे होईल, असे त्यांनी दाखवून दिले. पोपांनी तोंडी अनुज्ञा दिली. संघाला कनिष्ठ बांधव हे नाव पडले.

हे बांधव रिव्होतोर्तो येथे एका टाकून दिलेल्या झोपडीत राहत. ती इतकी अरुंद होती की प्रत्येकाची जागा ठरावी म्हणून फ्रान्सिस यांनी वाशांवर खडूने नावे लिहिली होती. एके दिवशी एक शेतकरी आपले गाढव घेऊन आत घुसला. जागेचा वाद न घालता हे सारे उठले आणि निघून गेले. त्यानंतर बेनेडिक्ट संप्रदायाच्या मठाने पोर्झिउंकुलाचे देऊळ त्यांना वापरावयास दिले. ते आपले होऊ नये म्हणून फ्रान्सिस दर वर्षी एक टोपली मासे त्या मठाकडे भाडे म्हणून पाठवीत. जागा दुसऱ्याची आहे आणि आपण पाहुणे आहोत, याची आठवण ती टोपली दर वर्षी करून देत असे. काहीच जवळ न ठेवणे फार कठीण नाही काय, असे बिशपांनी एकदा विचारले, तेव्हा मालमत्ता ठेवली तर तिच्या रक्षणासाठी शस्त्रेही ठेवावी लागतील, वाद आणि खटले सुरू होतील, असे उत्तर त्यांनी दिले होते. बांधवांनी हातांनी काम करावे. कामाचे मोल पैशात घेऊ नये. काम न मिळाल्यास दारोदार भिक्षा मागावी. पैशाला तर स्पर्शही करावयाचा नाही, तो दगडधोंड्यासारखा मानावयाचा.

सन १२१२ मध्ये क्लारा नावाची कुलीन तरुणी घर सोडून आली, आणि सान दामियानो येथे स्त्रियांचा संघ सुरू झाला. त्या बाईंची कथा स्वतंत्र लेखाची आहे. निर्धनतेचा हक्क मिळविण्यासाठी त्या एकामागून एक पोपांपाशी चाळीस वर्षे झगडल्या, आणि आपल्या नियमावर त्यांना मान्यता मिळाली ती सन १२५३ मध्ये, मृत्यूच्या अगदी आदल्या दिवसांत.

बारांचे दहा वर्षांत हजारो झाले. पोर्झिउंकुलाच्या रानात चटयांच्या झोपड्या घालून भरलेल्या एका मेळाव्यास पाच हजार बांधव आले होते असे परंपरा सांगते; संख्येत थोडी अतिशयोक्ती मानली तरी वाढ खरी होती. येणाऱ्यांत पंडित होते, कायदा शिकलेले होते, सरदारांचे पुत्र होते. फ्रान्सिस कोणालाही परत पाठवीत नसत. वर्षभर उमेदवारी करावी आणि मगच दीक्षा घ्यावी, हा निर्बंध पोपांनी सन १२२० मध्ये घातला; तोवर जो येई तो त्याच दिवशी बांधव होई. ही उणीव फ्रान्सिस यांचीच म्हटली पाहिजे. ज्यांनी उपासमार व अपमान सोसून या वाटेवर पाय ठेवला ते बारा निराळे, आणि संघाची कीर्ती ऐकून आलेले हजारो निराळे. आजारी बांधवाला कोठे ठेवावयाचे, प्रवचनकाराने ग्रंथावाचून कसे शिकावयाचे, फ्रान्स व जर्मनीच्या हिवाळ्यात उघड्यावर कसे निजावयाचे, हे प्रश्न खोटे नव्हते. ते विचारणारेही सारेच आळशी नव्हते.

सन १२१९ मध्ये फ्रान्सिस समुद्र ओलांडून इजिप्त देशात गेले. तेथे दामिएत्ता नगराला ख्रिस्ती सैन्याचा वेढा पडला होता. युद्ध चालू असताना ते निःशस्त्र अवस्थेत सुलतान अल्-कामिल यांच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि सुखरूप परत आले. परंतु ते दूर असतानाच मागे दोन प्रतिनिधींनी संघात नवे नियम केले होते. गमतीची गोष्ट अशी की ते नियम सैल करणारे नव्हते. उपवास वाढविणारे होते, इतर जुन्या मठांच्या धर्तीवर संघाला आणणारे होते. एक बांधव ही बातमी घेऊन परस्पर पूर्वेकडे पोहोचला. फ्रान्सिस सन १२२० मध्ये इटलीत परतले.

परतीच्या वाटेवर बोलोन्या नगरात बांधवांचे घर झाले आहे असे त्यांच्या कानावर आले. बांधवांचे घर, हे दोन शब्दच त्यांना असह्य झाले. गावात न शिरता त्यांनी निरोप धाडला की घरातील सर्वांनी तत्काळ बाहेर पडावे. आजारी होते त्यांनाही बाहेर यावे लागले. तेव्हा संघाचे हितचिंतक कार्डिनल उगोलिनो मध्ये पडले. हे घर बांधवांचे नसून माझे आहे, असे त्यांनी जाहीर केले. फ्रान्सिस यांचे समाधान झाले व बांधव पुन्हा आत गेले. त्याच सुमारास पोर्झिउंकुला येथे असिसीच्या नगरसभेने मेळाव्यासाठी एक पक्के घर बांधले. फ्रान्सिस यांनी ते पाहिले मात्र, आणि ते छपरावर चढून कौले खाली फेकू लागले. खालून शिपायांनी ओरडून सांगितले की हे घर नगरसभेचे आहे. ते ऐकून ते मुकाट्याने खाली उतरले.

या दोन प्रसंगांपाशी वाचकांनी क्षणभर थांबावे अशी विनंती आहे. दोन्ही ठिकाणी फ्रान्सिस शब्दाला जागले. दुसऱ्याची वस्तू मोडण्याचा आपणास अधिकार नाही हे त्यांनी मानले, आणि ते योग्यच होते. परंतु घर जेथल्या तेथे राहिले, बांधवही त्यात राहिले. मालकीचे नाव तेवढे दुसऱ्याचे झाले. पोर्झिउंकुलाच्या टोपलीतही मालकी दुसऱ्याचीच होती. पण तेथे बांधवांना दर वर्षी मासे धरून पोहोचवावे लागत, आणि मालकाने जा म्हटले असते तर जावे लागले असते. बोलोन्याच्या घरातून त्यांना जा म्हणणारा कोणी नव्हता. पुढील शंभर वर्षांत जे जे घडले त्याचे बीज या घरात आहे, आणि ते रुजले तेव्हा फ्रान्सिस स्वतः तेथे उभे होते.

त्याच वर्षी त्यांनी संघाचे प्रमुखपद सोडले. पिएत्रो कात्तानी यांची नेमणूक केली. ते काही महिन्यांतच, १२२१ च्या मार्चमध्ये, वारले. मग एलिया आले. एलिया हे कर्तबगार, व्यवहारकुशल, बांधकामात जाणकार असे गृहस्थ. त्यांना फ्रान्सिस यांनीच पुढे आणले होते, हे त्यांना दूषण देणारे बरेचदा विसरतात.

या काळातील एक गोष्ट सांगतात. एका तरुण बांधवाला स्तोत्रांची पोथी हवी होती. वरिष्ठांची परवानगी त्याने मिळविली होती, परंतु फ्रान्सिस यांचीही संमती असावी असे त्याला वाटे. फ्रान्सिस यांनी त्याला समजाविले की आज पोथी मिळाली की उद्या मोठा प्रार्थनाग्रंथ हवासा वाटेल, आणि तो मिळाला की तू आसनावर बसून दुसऱ्या बांधवाला तो आणून देण्याची आज्ञा करशील. मग चुलीतील राख घेऊन त्यांनी आपल्याच डोक्याला चोळली आणि हाच आपला ग्रंथ म्हणून सांगितले. तो बांधव काही महिन्यांनी पुन्हा विचारावयास आला. तेव्हा, तुझे वरिष्ठ सांगतील तसे कर, असे ते बोलून गेले. तो वळला आणि चालू लागला. थोड्याच वेळात फ्रान्सिस त्याच्यामागे धावत गेले, ज्या जागी आपण ते शब्द बोललो तेथे त्याला परत घेऊन आले, गुडघे टेकले आणि आपला अपराध झाला असे म्हणून अंगरखा, दोरी व अंतर्वस्त्र यांखेरीज बांधवाजवळ काही असू नये हे त्याला पुन्हा सांगितले. संन्यासी संघाच्या इतिहासात याहून हृद्य प्रसंग मी वाचलेला नाही. सवलतीचा एकच शब्द तोंडून गेला होता, आणि तो परत घेण्यासाठी आचार्य शिष्यामागे धावले.

सन १२२१ मध्ये त्यांनी विस्तृत नियम लिहिला. तो रोमच्या मान्यतेस गेला नाही. दोन वर्षांनी, २९ नोव्हेंबर १२२३ रोजी, पोप होनोरियस तिसरे यांनी मान्य केला तो नियम आटोपशीर, कायद्याच्या भाषेत बसणारा आहे. उगोलिनो यांचा त्याला हात लागला होता. पैसा घेऊ नये, घर वा जागा आपली म्हणू नये, या जगात प्रवासी व परके होऊन राहावे, हे त्यात आहे. परंतु १२२१ च्या नियमात असलेले, वाटेसाठी काही बरोबर घेऊ नये हे शुभवर्तमानाचे वचन त्यात नाही. ज्या वचनाने फ्रान्सिस यांच्या हातातील काठी गळून पडली होती, तेच गळाले. वडीलधाऱ्या बांधवांनी ते काढविले असे त्यांच्या जवळच्या सोबत्यांचे म्हणणे होते.

शेवटची तीन वर्षे दुखण्यात गेली. १२२४ मध्ये ला व्हेर्ना डोंगरावर त्यांच्या हातापायांवर व कुशीवर जखमा उमटल्या. भाविक त्याला साक्षात्कार मानतात, आणि त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. डोळे जवळजवळ गेले होते. वैद्यांनी तापल्या लोखंडाने डाग दिले, उपयोग झाला नाही. अशा स्थितीत १२२५ च्या सुमारास त्यांनी सूर्य, चंद्र, पाणी, अग्नी यांना भाऊबहिणी म्हणणारे स्तोत्र रचले. ते त्यांनी पंडितांच्या लॅटिन भाषेत न रचता उम्ब्रियाच्या लोकभाषेत रचले. इटालियन साहित्याच्या आरंभीच्या रचनांत त्याची गणना होते. मराठीत ब्रह्मविद्या सांगितली गेली त्या परंपरेच्या वाचकांना याचे मोल निराळे सांगावयास नको.

मृत्यूपूर्वी त्यांनी जे अंतिम निवेदन लिहविले, त्याचा उल्लेख वर आलाच आहे. महारोग्यांपासून आरंभ करून ते आरंभीच्या दिवसांचे स्मरण देतात, हातांनी काम करण्याचा आग्रह धरतात, निर्धनतेशी न जुळणारी देवळे व घरे स्वीकारू नका म्हणतात. रोमकडून आपल्या सोयीची पत्रे मागवू नका असे बजावतात. आणि शेवटी सांगतात की नियमावर किंवा या निवेदनावर कोणी भाष्य करू नये. हे असे समजावयाचे, असे कोणी म्हणू नये. जसे साध्या शब्दांत लिहिले तसे साधेपणाने समजावे आणि आचरावे. हे निवेदन नियमासोबत नेहमी वाचले जावे, अशीही त्यांची आज्ञा होती. ३ ऑक्टोबर १२२६ रोजी सायंकाळी, पोर्झिउंकुलापाशी, स्वतःच्या इच्छेप्रमाणे उघड्या जमिनीवर ठेवलेले असता त्यांनी देह सोडला.

पुढील वर्षी कार्डिनल उगोलिनो हे पोप झाले, ग्रेगरी नववे या नावाने. १६ जुलै १२२८ रोजी त्यांनी फ्रान्सिस यांना संतपद दिले, आणि दुसऱ्याच दिवशी असिसीत एका विशाल देवालयाची कोनशिला स्वहस्ते बसविली. बांधकामाची धुरा एलिया यांच्याकडे होती. देणग्या गोळा करण्यासाठी त्यांनी संगमरवरी पात्र मांडले आणि फ्रान्सिस यांचे जिवलग सोबती बांधव लेओ यांनी ते फोडले, त्यासाठी लेओ यांना फटके खावे लागले, अशी कथा आहे. १२३० मध्ये फ्रान्सिस यांचा देह या देवालयात आणला गेला. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात, अंतिम निवेदन बंधनकारक आहे काय, असा प्रश्न घेऊन संघाचे प्रतिनिधी पोपांकडे गेले. पोपांनी निर्णय दिला की नाही. कारणे दोन : फ्रान्सिस यांनी ते इतर प्रमुखांच्या संमतीविना केले, आणि पदावर नसलेला माणूस पुढील पदाधिकाऱ्यांना बांधू शकत नाही, समानाची समानावर सत्ता नसते. नियम करताना मी स्वतः त्यांच्याजवळ होतो, त्यांचे मन मला ठाऊक आहे, असेही पोपांनी लिहिले. मग अर्थ लावला : बांधवांनी पैशाला शिवू नये, परंतु त्यांच्यासाठी पैसा सांभाळणारा मित्र असावयास हरकत नाही, घर त्यांचे नव्हे, परंतु वापर त्यांचा.

भाष्य करू नये या आज्ञेवरच पहिले भाष्य झाले, आणि ते चार वर्षांच्या आत झाले. ते करणारा कोणी द्वेष्टा नव्हता. ग्रेगरी यांचे फ्रान्सिस यांच्यावर निःसंशय प्रेम होते. कार्डिनल असताना ते कधी कधी राजवस्त्रे काढून बांधवांबरोबर अनवाणी चालत. संघ टिकावा ही त्यांची तळमळ खरी होती, आणि संघ टिकला याचे पुष्कळसे श्रेय त्यांना आहे. म्हणूनच या निर्णयाचा विचार करताना मन अस्वस्थ होते. वैऱ्याने केलेला बिघाड ओळखता येतो आणि दूरही करता येतो. येथे आज्ञा बाजूला सारली ती आज्ञा करणाऱ्याच्या प्रेमापोटी.

वृद्ध एजिदियो यांना पुढे असिसीतील त्या नव्या वास्तू हिंडवून दाखविण्यात आल्या. सगळे पाहून झाल्यावर त्यांनी म्हटले की आता तुम्हाला बायकांचीच काय ती उणीव राहिली. ऐकणारे दुखावले. तेव्हा त्यांनी स्पष्ट केले की निर्धनतेचे व्रत सोडणे आणि ब्रह्मचर्याचे व्रत सोडणे यांत त्यांना अंतर दिसत नाही. एलिया १२३२ मध्ये संघाचे प्रमुख झाले, घोडे व आचारी बाळगून वैभवात राहिले, आणि १२३९ मध्ये पदच्युत झाले. एलिया गेले म्हणून घरे गेली नाहीत. १२४५ मध्ये पोप इनोसंट चौथे यांनी बांधव जे जे वापरतात त्याची मालकी रोमच्या धर्मपीठाची असे ठरविले. बोलोन्यात एका कार्डिनलांनी एका घरापुरते केले तेच आता साऱ्या संघासाठी झाले.

१२५७ मध्ये बोनाव्हेंतुरा प्रमुख झाले. ते पॅरिसच्या विद्यापीठातील मोठे तत्त्वज्ञ आणि शुद्ध आचरणाचे होते. संघात सैल आणि कडक असे दोन पक्ष पडले होते, आणि दोघेही फ्रान्सिस यांच्या आठवणींचा आधार घेत होते. बोनाव्हेंतुरा यांनी नवे चरित्र लिहिले. १२६६ मध्ये पॅरिसच्या मेळाव्यात ठराव झाला की यापूर्वीची सर्व चरित्रे नष्ट करावी. शांततेसाठीच तो ठराव होता. ज्यांनी फ्रान्सिस यांना पाहिले होते त्यांच्या तोंडून घेतलेल्या आठवणी अशा रीतीने संघाच्याच हातून लुप्त झाल्या. काही प्रती इतर संप्रदायांच्या मठांत कोनाकोपऱ्यांत राहिल्या, म्हणून अठराव्या शतकापासून त्या पुन्हा हाती येऊ लागल्या. याच तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्याकडे म्हाइंभट एकेक आठवण मिळविण्यासाठी गावोगाव पायपीट करीत होते, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

नंतरचा इतिहास थोडक्यात सांगतो. १२७९ मध्ये पोप निकोलस तिसरे यांनी मालकी, ताबा, उपभोग, वापराचा हक्क आणि नुसता वापर असे पाच भेद पाडून शेवटचा तेवढा बांधवांचा म्हणून ठरविला. बारा माणसांच्या झोपडीत जी गोष्ट कळावयास एक टोपली पुरत होती, ती कळण्यास आता रोमन कायद्याचे अध्ययन लागू लागले. कडक पक्षाचे बांधव आखूड, फाटके अंगरखे घालीत आणि मठांत धान्य व मद्य साठविण्यास विरोध करीत. पोप जॉन बाविसावे यांनी १३१७ मध्ये त्यांना वरिष्ठांच्या आज्ञेत राहण्याचा हुकूम दिला : निर्धनता मोठी, पण आज्ञापालन त्याहून मोठे. जे ऐकेनात त्यांच्यापैकी चौघांना ७ मे १३१८ रोजी मार्सेय येथे जिवंत जाळण्यात आले. त्यांची चौकशी करणारा अधिकारी त्यांच्याच संघाचा बांधव होता. त्याच पोपांनी १३२२ मध्ये मालकीचा तो पडदाही फाडला. खाल्लेल्या भाकरीचा वापर आणि तिची मालकी वेगळी कशी करणार, असा त्यांचा प्रश्न होता, आणि तो बिनतोड होता. पुढील वर्षी, येशू आणि त्यांचे शिष्य यांच्या मालकीचे काहीही नव्हते असा हट्ट धरणे हे पाखंड ठरले.

या संघात सुधारणेचे प्रयत्न पुन्हा पुन्हा झाले हे सांगितले नाही तर अन्याय होईल. प्रत्येक शतकात कोणी तरी फाटका अंगरखा घालून रानात जाऊन राहिला, त्याला सोबती मिळाले, त्यांचा पक्ष झाला, पक्षाला घरे मिळाली. १५१७ मध्ये संघ अधिकृतपणे दुभंगला. १५२८ मध्ये आणखी एक शाखा निघाली. आपल्या भूमीतही या संघाचे लोक सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेबरोबर आले. गोवा आणि वसई येथे राजाश्रयाने त्यांचे मठ उभे राहिले. बोरिवलीजवळील मंडपेश्वराच्या शैव लेण्यात त्यांनी आपले देवालय थाटले आणि वर मठ व विद्यालय बांधले. गाढव आत आले म्हणून झोपडी सोडून जाणाऱ्याच्या वारसांनी दुसऱ्याचे देवस्थान घेतले. या दोहोंच्या मध्ये साडेतीनशे वर्षे आणि पुष्कळ भाष्ये होती. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई घेतली. किल्ल्यात त्यांच्या देवालयाचे भग्नावशेष आजही दिसतात.

फ्रान्सिस यांचा देह एलियांनी देवालयाखाली इतका खोल दडविला होता की तो नेमका कोठे आहे हे पुढे कोणास ठाऊक राहिले नाही. १८१८ मध्ये खोदकाम करून तो शोधावा लागला. पोर्झिउंकुलाचे देऊळ मात्र कधीच हरवले नाही. १५६९ मध्ये त्याच्याभोवती प्रचंड घुमटाच्या देवालयाचे काम सुरू झाले व १६७९ मध्ये ते पुरे झाले. यात्रेकरू आज त्या मोठ्या दारातून आत जातात, खांबांच्या रांगांमधून बरेच अंतर चालतात, आणि घुमटाच्या बरोबर खाली, संगमरवरी फरशीवर, ते थोड्याच माणसांना पुरेल एवढे दगडी देऊळ उभे दिसते. त्याच्या जवळच, फ्रान्सिस ज्या जमिनीवर निजून गेले ती जागा आहे. तीही आता त्याच छपराखाली आहे.